मूर्च्छेच्या रुग्णाला कॅल्गरी आणि ईजीएसवायएस या (लक्षणांना गुण देऊन मूर्च्छेचे कारण अदमासणाऱ्या) दोन स्कोअरची उत्तरे वेगवेगळी आली तर काय करावे?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिशनर, तालुक्याचे गाव) :
माझ्याकडे ६१ वर्षांचे, मधुमेह असलेले गृहस्थ आले आहेत. बँकेच्या रांगेत बराच वेळ उभे असताना त्यांना दरदरून घाम फुटला, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कोसळले. अर्ध्या मिनिटात ते पूर्ण भानावर आले. असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच झाला. त्या वेळची शुगर, ईसीजी आणि इको नॉर्मल आहेत. कॅल्गरी स्कोअरमध्ये घामाचे +२, उभे राहण्याचा +१, पस्तिशीनंतरच्या पहिल्या मूर्च्छेचे -३ आणि मधुमेहाचे -५, अशी बेरीज -५ होते. -२ पेक्षा कमी असल्याने ही व्हेजोव्हेगल (नाडी आणि रक्तदाब एकाएकी उतरून येणारी साधी) मूर्च्छा नाही असे ठरते. ईजीएसवायएसमध्ये मात्र बेरीज -२ येते, म्हणजे हृदयाचे कारण संभवत नाही. घरची परिस्थिती बेताची आहे. त्यांना होल्टरसाठी (दिवसभर सलग ईसीजी नोंदवणाऱ्या तपासणीसाठी) शहरात पाठवावे का?

उत्तर १ (फिजिशियन) :
डॉक्टर, या दोन उत्तरांत विरोध नाही. कॅल्गरी स्कोअर विचारतो की मूर्च्छा व्हेजोव्हेगल आहे का, आणि ईजीएसवायएस विचारतो की ती हृदयामुळे आहे का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असू शकते. शिवाय कॅल्गरीची रचना पाहा. आपला रुग्ण वय आणि मधुमेह यांमुळे -८ पासूनच सुरुवात करतो आणि मिळण्याजोगे सर्व अधिकचे (+) गुण मिळून होतात जेमतेम ६, म्हणजे वेदना किंवा सुई-इंजेक्शनसारखे निमित्तही असते तरच तो -२ पर्यंत पोहोचला असता. २००६ मध्ये हा स्कोअर तयार झाला तेव्हा त्याची विशिष्टता (व्हेजोव्हेगल नसलेली मूर्च्छा तशी ओळखण्याचे प्रमाण) सुमारे ९० टक्के होती, पण २००९ मधील नेदरलँड्सच्या पडताळणीत ती ३० टक्क्यांच्या आसपास आली.

उभ्याने घसरणारा रक्तदाब यांपैकी कोणताच स्कोअर मोजत नाही, आणि मधुमेह्यात मला पहिली शंका त्याचीच येते. रुग्णाला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब घ्या, मग उभे करून लगेच, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते निदानाला पुरेसे आहे. औषधांची पिशवीही मागवून पाहा.

उत्तर २ (निवासी डॉक्टर, अपघात विभाग) :
सरांशी सहमत आहे, पण ईजीएसवायएसच्या -२ वर विसंबण्यापूर्वी मूर्च्छेआधी छातीत धडधडले का, हे रुग्णाला आणि पाहणाऱ्याला स्वतंत्रपणे विचारावे. धडधडीचे एकट्याचे ४ गुण आहेत. ते मिळाले असते तर आपली बेरीज २ झाली असती, हृदयाची शंका जिथे सुरू होते त्या ३ च्या अगदी उंबरठ्यावर. अधूनमधून होणारा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या विद्युत संदेशातील अडथळा) एका ईसीजीत सापडेलच असे नाही. आमच्याकडे वापरात असलेला २०१६ चा कॅनेडियन स्कोअर पुढील ३० दिवसांतील धोका सांगतो, कारण सांगत नाही. त्यामुळे इथे त्या स्कोअरवरून निर्णय करू नये.

प्रश्नकर्ता :
आज मोजले. झोपून १३८/८२, उभे राहून तीन मिनिटांनी १०८/७०. नाडी ७६ वरून फक्त ८० झाली. धडधड नव्हती, असे ते आणि त्यांचा मुलगा दोघेही सांगतात. पिशवीत प्रोस्टेटसाठी अलीकडेच सुरू झालेली टॅमसुलोसिनची गोळी निघाली. ती ते सकाळी घेतात.

उत्तर १ (फिजिशियन) :
रक्तदाब ३० ने उतरूनही नाडी चारच ठोक्यांनी वाढली, यावरून स्वायत्त (नाडी-रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या) मज्जातंतूंवर मधुमेहाचा परिणाम झालेला दिसतो आणि गोळीने त्यात भर घातली असावी. गोळी परस्पर बंद न करता ज्यांनी ती लिहून दिली त्या सर्जनशी बोला. ती रात्रीच्या जेवणानंतर घेता येईल का किंवा बदलता येईल का, हे त्यांना विचारा. रात्री लघवीला उठताना त्यांनी आधी पलंगाच्या कडेला बसावे. आठवड्याने झोपून-उभे रक्तदाब पुन्हा घ्या. होल्टर आज नको. मात्र झोपलेले असताना, श्रम करताना किंवा धडधडीनंतर मूर्च्छा आली तर एक दिवसही न थांबता हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा, आणि हे मुलाला आजच लिहून द्या.