आधी फाइली मोकळ्या करा

सरकारी कार्यालयांनी कुठलं सॉफ्टवेअर वापरावं, या चर्चेत बऱ्याच जणांचा सूर असा की तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली आली की प्रश्न मिटला. मला नाही तसं वाटत. कार्यालयातल्या संगणकांवर काय चालतं ते नंतर. बाहेर येणारी फाइल कुठल्याही संगणकावर उघडते का, ते आधी बघा. इथे सोलापुरात एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरून आम्हाला दोन याद्या हव्या होत्या. एक मिळाली स्कॅन केलेली, म्हणजे नुसतं पानाचं चित्र, तेही वाकडं. दुसरी युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमधली: कॉपी केली की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. आडनावाने शोधायचं तर डोळे फोडत पानं चाळा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध माणसाने काय करायचं?

केंद्र सरकारचं खुल्या मानकांचं (म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा फाइल-स्वरूपांसारख्या सामाईक नियमांचं) धोरण २०१० चं, मुक्त सॉफ्टवेअरचं २०१५ चं. (दोन्ही वाचायला छान आहेत.) पण प्रत्यक्ष हाताशी आहे तो माहिती अधिकार कायदा. त्याच्या कलम ७(९) प्रमाणे माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. म्हणून अर्जात 'छापील प्रत' न लिहिता 'मूळ स्प्रेडशीट फाइल, शक्यतो ओडीएस किंवा सीएसव्ही' असं लिहा; ही दोन्ही कुठल्याही संगणकावर उघडणारी तक्त्यांची खुली स्वरूपं. यंत्रणेवर अवाजवी ताण येतो, ही पळवाट त्याच कलमात आहे, पण तयार फाइल सीडीवर देण्यात कसला आलाय ताण?