‘युगोस्लाव’ म्हणवणारी माणसं गेली कुठे?

बोस्नियाच्या जनगणनांचे तक्ते घेऊन बसले आहे. बोस्निया तेव्हा युगोस्लाव्हिया या देशाचा भाग होता. १९८१ मध्ये तिथल्या जवळपास ८ टक्के लोकांनी आपला वांशिक गट न सांगता स्वतःला ‘युगोस्लाव’ म्हणवलं होतं. १९९१ मध्ये साडेपाच टक्के. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. २०१३ मध्ये बोस्नियाक (म्हणजे मुख्यतः तिथले मुस्लिम), सर्ब, क्रोएट सोडून उरलेले सगळे मिळून चार टक्क्यांच्याही आत! दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये. आई क्रोएट, वडील सर्ब असलेल्या मुलानं युद्धानंतर काय लिहिलं असेल? ओळख आपसूक बदलते की बदलायला लावतात?

प्रतिसाद १
लावतात, ताई. तिथल्या एखाद्या मुस्लिम आजीचा विचार करा. १९४८ च्या जनगणनेत तिच्यापुढे पर्याय होते सर्ब, क्रोएट किंवा ‘अनिश्चित’ मुस्लिम. १९५३ मध्ये ‘युगोस्लाव, अनिश्चित’. १९६१ मध्ये ‘वांशिक अर्थानं मुस्लिम’, १९७१ मध्ये मुस्लिम हा सर्ब-क्रोएटांसारखाच स्वतंत्र राष्ट्रीय गट, १९९३ मध्ये बोस्नियाक. आजी तीच, तिचा नमाज तोच. बदलला तो रकाना.

प्रतिसाद २
सगळं सरकारच्या माथी मारणं मला पटत नाही. सुदानच्या दारफुरमध्ये फुर लोक शेती करायचे, बग्गारा अरब गुरं राखायचे. फुर कुटुंबाकडे गुरं वाढली की ते कळपामागे फिरू लागायचं, बग्गारांसारखं राहायचं, मुलं अरबी बोलत मोठी व्हायची. कुणी फर्मान काढलं नव्हतं. पोटापाण्यानं माणूस एका गटातून दुसऱ्यात जायचा. २००३ च्या युद्धात मात्र अरब की बिगर-अरब यावर गावं जळली.

प्रतिसाद ३
रवांडात हुतू आणि तुत्सी असे दोन मोठे गट. तिथेही गुरं आणि राजदरबारातलं वजन यांवर हुतूचा तुत्सी होता यायचं. भाषा तर दोघांची एकच. १९३० च्या दशकात बेल्जियन प्रशासनानं ओळखपत्रावर गट छापला आणि ती वाट जवळजवळ बुजली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासून माणसं मारली. हे लिहितानाही हात थांबतो.
आणि बोस्नियात आजही राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन जागा बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांनाच. रोमा असलेले सेज्दिच आणि ज्यू असलेले फिंची त्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, २००९ मध्ये जिंकलेही. अट तशीच आहे.

मूळ प्रश्नकर्ती
म्हणजे ‘इतर’ लिहिणाऱ्याला त्या पदाला उभंच राहता येत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टिपणात मी ‘युद्धानंतर लोकांनी आपली ओळख बदलली’ असं लिहून ठेवलं होतं. ते वाक्य आत्ताच खोडलं.