मान मोकळी झाली म्हणून डोकं ताळ्यावर आलं का?

एडिसनकर (धागाकर्ता)

गेल्या नोव्हेंबरात माझा धाकटा भाऊ रूट १ वर सिग्नलला उभा होता, मागून एकाने गाडी ठोकली. डोकं सीटच्या टेकूवर आपटलं. बेशुद्ध झाला नाही, पण मधली दहा मिनिटं त्याला अजून आठवत नाहीत. इमर्जन्सीत सीटी काढला, तो स्वच्छ निघाला. 'माइल्ड कन्कशन (म्हणजे दणक्याने मेंदूला झालेली सौम्य इजा), आराम करा' म्हणून घरी पाठवलं.

त्या 'माइल्ड'ची गंमत पुढे कळली. हा माणूस अकाउंटंट, लहानपणापासून आकडे तोंडावर. तिसऱ्या आठवड्यात बायकोला विचारतो, "ते पांढरं, ज्यात दूध ठेवतात, त्याला काय म्हणतात गं?" फ्रिज हा शब्द सापडेना. एक्सेलच्या चार ओळी वाचल्या की कपाळ ठणकायचं. चहा ठेवून विसरायचा, दोन पातेली जाळली. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरायची. न्यूरॉलॉजिस्टची वेळ सात आठवड्यांनी मिळाली. त्यांनी नऊ मिनिटं बघितलं (वहिनीने घड्याळ लावलं होतं) आणि 'वेळ जाऊ द्या' म्हणाले.

मग ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके दाबून-झटकून उपचार करणारा, गाठला. 'इंटिग्रेटेड' क्लिनिक, म्हणजे कायरोप्रॅक्टर, फिजिकल थेरपिस्ट, आहारसल्ला, सगळं एका छपराखाली. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. इथे न्यू जर्सीत गाडीच्या विम्यात पीआयपी असतं, चूक कोणाचीही असली तरी उपचाराचा खर्च त्यातून निघतो, त्यामुळे खिशाला फारशी झळ नाही. पहिल्याच आठवड्यात गरगरणं थांबलं! मार्चअखेर, ऐन टॅक्सच्या हंगामात, तो अर्धा दिवस कामावर बसू लागला.

कायरोप्रॅक्टर म्हटलं की आपण नाक मुरडतो. मीही मुरडायचो. आता वाटतं, मेंदूच्या तक्रारीचं मूळ मानेत असू शकतं आणि डॉक्टर तिकडे बघतच नाहीत. मतं येऊ द्या.

खवचट_खान

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो.

पुणेरी_फिजिओ

एडिसनकर, भाऊ सावरतोय हे वाचून बरं वाटलं. पण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली आहे, ती आधी सोडवू.

कूस बदलल्यावर खोली फिरते, ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते डोक्याला दणका बसला की जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते परत जागी आणायचे, त्याला एपली मनूव्हर म्हणतात. पुष्कळदा एक-दोन बैठकांत काम होतं. पहिल्या आठवड्यात चक्कर गेली असेल तर मला आधी ह्याचाच संशय येतो. ह्यात मणका 'बसवण्याचा' काही संबंध नाही.

दुसरी मोळी डोकेदुखी, मानदुखी, तोल जाणं. इथे मानेवर उपचार करावेत ह्याला आधार आहे. कॅनडात कॅलगरीला खेळताना कन्कशन झालेल्यांवर एक छोटी चाचणी झाली, २०१४ साली प्रसिद्ध झाली. मानेची फिजिओथेरपी आणि तोलाचे व्यायाम एकत्र दिलेल्या गटातल्या १५ पैकी ११ जणांना आठ आठवड्यांत खेळायला परवानगी मिळाली, दुसऱ्या गटात १४ पैकी एकाला. खेळातल्या कन्कशनवर ॲमस्टरडॅमला २०२२ मध्ये तज्ज्ञांची परिषद झाली, तिच्या निवेदनातही अशा रेंगाळलेल्या लक्षणांसाठी हेच सुचवलं आहे.

तिसरी मोळी मात्र तुमच्या धाग्याचा खरा विषय: शब्द न सुचणं, लक्ष न लागणं, विसरणं. मान मोडून हे सुधारतं असं दाखवणारा भक्कम विदा मी तरी पाहिलेला नाही. उपचार सुरू झाले तेव्हा भावाला दोन महिने होत आले होते. सौम्य इजेतली बहुतेक माणसं पहिल्या तीनेक महिन्यांत आपसूक सावरतात.

मेलबर्नचा_मणका

मी कायरोप्रॅक्टर आहे, आधीच सांगतो, नंतर 'हितसंबंध' म्हणून आरडाओरडा नको. इथे पाच वर्षांचं विद्यापीठातलं शिक्षण आणि सरकारी नोंदणी असते. आम्ही चौकातले बोटं मोडणारे नव्हे.

फिजिओताई, तुम्ही कॅलगरीची चाचणी सांगितलीत आणि गाळायचं तेवढं गाळलंत. त्या लोकांच्या मानेवर हातांनी उपचार झाले होते. तोच उपचार तुम्ही केला की शास्त्र आणि मी केला की थोतांड? नऊ मिनिटं बघणारा न्यूरॉलॉजिस्ट आणि पाऊण तास मान, डोळे, तोल तपासणारा मी, ह्यांतला फरक रुग्णाला कळतो.

मानदुखी कमी झाली की झोप लागते. झोप लागली की लक्ष लागतं. ज्याचं डोकं दिवसभर ठणकतंय त्याची स्मरणशक्ती कुठून चांगली असणार? न्यूझीलंडच्या संशोधक हायडी हाविक यांच्या गटाने मणक्यावरच्या उपचारानंतर मेंदूच्या पुढच्या भागातले विद्युतसंकेत बदलतात हेही दाखवलं आहे.

पुणेरी_फिजिओ

ताई नाही, दादा. असो.

गाळल्याचा आरोप मान्य. हातांचे उपचार होते, आणि तुम्ही तेच केलेत तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण त्या चाचणीचा मुख्य निकष होता खेळात परतणं. स्मरणशक्ती सुधारते का, हा तिचा मुख्य प्रश्न नव्हता. हाविक यांच्या त्या प्रयोगातली माणसं थोडीफार मान आखडणारी, एरवी धडधाकट. विद्युतसंकेत बदलला म्हणजे फ्रिज हा शब्द आठवला असं होत नाही. झोपेचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला.

खवचट_खान

ह्या विद्येचा जन्मच कानातून झालाय हो. १८९५, आयोवातलं डॅव्हेनपोर्ट गाव. डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या चुंबक-उपचारकाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं म्हणे. ऐकण्याची नस मणक्यातून जातच नाही, पण एवढ्या बारीक गोष्टीत कोण शिरतो! सव्वाशे वर्षांनी भावाच्या कानातले खडे हलले आणि श्रेय पुन्हा मणक्यालाच.

आमच्या सलूनवाल्याने शुल्कच लावलं नाही इतकी वर्षं. दाढी, चंपी आणि शेवटी मान कडकन. ज्याचा आवाज होतो त्याला श्रेय मिळतं, हे माझं वैयक्तिक मत.

भूलतज्ज्ञ

खान, सलूनवाल्याकडे मान देणं आजच बंद करा, चेष्टा नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या अस्तराला चीर पडू शकते आणि तिथे गुठळी होऊन पक्षाघात येतो. प्रकार दुर्मीळ, पण तरण्याताठ्या माणसांत होतो. मान झटक्याने फिरवण्याशी त्याचं नातं दिसतं असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये लिहिलं आहे, कारण सिद्ध झालेलं नसलं तरी. अपघातात मान आधीच हिसकलेली असते. अशा मानेला झटका देण्याआधी मी दहा वेळा विचार करीन.

मेलबर्नचा_मणका

नातं दिसतं, बरोबर. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला कॅसिडी आणि मंडळींचा २००८ चा अभ्यासही वाचा. असा पक्षाघात झालेली माणसं आधी कायरोप्रॅक्टरकडे गेली होती, तशीच साध्या फॅमिली डॉक्टरकडेही गेली होती. म्हणजे चीर आधीच पडलेली, मान दुखते म्हणून माणूस कोणाकडे तरी गेला. अपघाताच्या ताज्या मानेला मी स्वतः झटका देत नाही. पण सगळे तसे वागतात असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

नाशिकची_लेक

तुमचं सगळ्यांचं 'सौम्य' चाललंय. मी दुसऱ्या टोकाचं सांगते.

बाबा स्कूटरवरून पडले, हेल्मेट डिकीत. शुद्ध किती आहे ते मोजणारा ग्लासगो स्कोअर ७, म्हणजे तीव्र इजा. ऑपरेशन झालं, सव्वीस दिवसांनी घरी आले ते वेगळेच बाबा. बोलायचे छान, पण सकाळी जेवल्याचं दुपारी आठवायचं नाही. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस एटीएमसमोर रडला.

तेव्हा एका क्लिनिकने (नाव घेत नाही) 'मानेचं अलाइनमेंट करून मेंदूचा रक्तपुरवठा वाढवू, स्मरणशक्ती परत आणू' म्हणून चाळीस हजारांचं पॅकेज दिलं. आम्ही भरले. बाबांना तिथे जायला आवडायचं, हे खरं. कोणीतरी हात लावतंय, आस्थेने विचारतंय. स्मरणशक्ती होती तिथेच राहिली. वर पाच महिने गेले, ते पैशांपेक्षा जास्त टोचतात. आपल्याकडे फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) यांच्यासाठी राज्याची ओटीपीटी परिषद आहे, २०२१ चा केंद्राचा कायदा आहे. कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी परिषदच नाही. तक्रार करायची कुठे?

उपयोग झाला तो एका वहीचा. हसू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टने शिकवलं: एकच वही, गळ्यात अडकवलेली, दिवसाला एक पान. काय करायचं ते डावीकडे, झालं की उजवीकडे वेळ. पहिले सहा आठवडे बाबा वहीत बघायचंच विसरायचे, म्हणून मोबाइलचा गजर: 'वही बघा'. औषधांचा डबा वारांचा. किल्ली एकाच खिळ्यावर, कुणी हलवली तर घरात युद्ध. एका वेळी एकच काम, टीव्ही बंद. नंतर बंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत तपासण्या झाल्या, त्यांनी लक्ष टिकवण्याचे व्यायाम दिले. आणि एक झोपेची गोळी कमी केली, तिनेच दिवसभर झापड यायची! चार डॉक्टरांच्या नजरेतून ती सुटली होती.

स्मरणशक्ती आजही अर्धीच आहे. पण ते एकटे भाजी आणतात. यादी वहीत.

मेलबर्नचा_मणका

ताई, तुमच्या बाबांना जे पॅकेज विकलं त्याची मला लाज वाटते. तीव्र इजेत मानेवर उपचार करून स्मरणशक्ती परत आणण्याचं आश्वासन देणं म्हणजे फसवणूक. ह्यावर माझा वाद नाही.

पुणेरी_फिजिओ

एडिसनकर, एक काम करा. भावाच्या विम्याची बिलं काढा. अमेरिकेत प्रत्येक उपचाराला संकेतांक असतो. ९८९४० किंवा ९८९४१ म्हणजे मणक्याचं मॅनिप्युलेशन, हातांनी मणका 'बसवणं'. ९७११० व्यायाम. ९७११२ म्हणजे तोल, समन्वय वगैरे. ९५९९२ म्हणजे कानातले खडे जागी आणणं. ९७१२९ म्हणजे बौद्धिक उपचार: लक्ष, स्मृती, नियोजन.

एडिसनकर

रात्री बसून बिलं चाळली. एकूण २४ भेटी. ९८९४१ जवळजवळ प्रत्येक भेटीत. ९७११० आणि ९७११२ अठरा वेळा.

९५९९२ दोनदा. दोन्ही पहिल्याच आठवड्यात. ज्याने केलं त्याचं नाव कायरोप्रॅक्टरचं नाही, तिथल्या फिजिकल थेरपिस्ट बाईंचं आहे. भावाला विचारलं तर म्हणाला, "हो, त्या एका बाईंनी झोपवून डोकं लटकवलं होतं. मला वाटलं तपासणी."

खवचट_खान

आवाज झाला नाही ना, म्हणून लक्षात राहिलं नाही.

पुणेरी_फिजिओ

आणि ९७१२९?

एडिसनकर

एकदाही नाही. ज्या तक्रारीसाठी धागा काढला, तिच्यावर कोणी उपचारच केले नाहीत. ना न्यूरॉलॉजिस्टने, ना क्लिनिकने.

मेलबर्नकरांना एवढं मात्र सांगतो, मानदुखी खरंच गेली आणि तो पुन्हा झोपू लागला. भाऊ पुढच्या आठवड्यातही तिथे जाणार आहे. मी विचारलं, "डोक्यासाठी?" म्हणाला, "छे, मानेसाठी. डोक्यासाठी आजपासून वही." नाशिकच्या ताईंचा प्रतिसाद वहिनीने छापून फ्रिजवर लावलाय. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: फ्रिज.