पहिलं विमान मस्टँग नको

रिमोटवर उडवायचं पहिलंच मॉडेल विमान म्हणून मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती) घेऊ का, असं विचारलंत. देखणं आहे, पण नका घेऊ. पंख धडाच्या खालच्या बाजूला, वेग जास्त, आणि हळू झालं की एक पंख टाकून कोसळतं. त्यापेक्षा धडाच्या वर पंख असलेलं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं विमान घ्या. गडबडलात तरी बऱ्यापैकी सावरतं.

त्याआधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवा, विशेषतः विमान आपल्याकडे तोंड करून येतानाचा. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि नवखे तिथेच फसतात. झुकलेला पंख ज्या बाजूला दिसेल, त्याच बाजूला रिमोटची स्टिक ढकला, म्हणजे तो उचलला जातो.

उडवण्यापूर्वी बॅटरी बसवून, पंखाखाली बोटं धरून तोल बघा. शेपूट जड असेल तर अजिबात उडवू नका. आणि विमानतळाच्या आसपास तर नाहीच.