संगीताच्या पदवीसाठी अकरावीत गणित ठेवावे का?

प्रश्न (पालक, परभणी)
माझी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायनाची मध्यमा पूर्ण परीक्षाही तिने दिली आहे. बारावीनंतर संगीताचीच पदवी घ्यायची आणि जमल्यास परदेशातही अर्ज करायचा, हे तिचे पक्के ठरले आहे. तिला कला शाखेत जाऊन गणित सोडायचे आहे, तर घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह लातूरला विज्ञान शाखेत घालण्याचा आहे. गणित नसल्यामुळे पुढे प्रवेशाला कोठे अडचण येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (संगीताचे निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)
आपल्याकडे बहुधा येत नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो आणि निवड मुख्यतः प्रत्यक्ष गायन-वादन ऐकूनच होते. न्यूयॉर्कच्या जुलियार्डसारख्या स्वतंत्र संगीत विद्यालयांतही शालेय शिक्षण पूर्ण झालेले असावे लागते, परंतु खरी कसोटी वादनाची असते. जेथे संगीत विभाग मोठ्या विद्यापीठाचा भाग असतो, तेथे मात्र विद्यापीठाचे सर्वसाधारण नियम लागू होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ माध्यमिक स्तरावरील ३ वर्षांचे गणित मागते आणि ४ वर्षांची शिफारस करते. संगीताच्या विद्यार्थ्यालाही त्यातून सूट नाही. म्हणून आधी विद्यालयांची नावे निश्चित करावीत आणि मगच विषय ठरवावेत.

उत्तर (तबलाशिक्षक, अंबाजोगाई)
वरील माहिती योग्यच आहे, तरीही गणिताचा विचार केवळ प्रवेशापुरता व्हावा, हे मला पटत नाही. १६ मात्रांच्या तीनतालात समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) निघून पुढच्या समेवर संपणारी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवण्याची रचना, बांधायची, तर ती सम धरून १७ मात्रा भरतात. ५ मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये दोनदा एकेक मात्रेचा दम (विराम) घेतला की हिशेब जुळतो. १० मात्रांच्या झपतालात हेच ११ मात्रांत बसवायचे असते, तेव्हा तुकडा ३ मात्रांचा होतो. आड लय म्हणजे दोन मात्रांच्या अवधीत तीन; अपूर्णांकांची भीती बसलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, हा माझा वर्गातील नित्याचा अनुभव आहे.

आपल्या मराठवाड्याला तर हे परके वाटण्याचे कारणच नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या घराण्याकडे राज्याच्या हिशेबाचे काम होते, आणि त्याच्याच ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सात स्वर प्रत्येकी एकदा घेऊन होणारे ५०४० क्रम मोजलेले आहेत. एवढेच नव्हे, तर खंडमेरू नावाच्या कोष्टकावरून अमुक क्रमांकाची तान (स्वरांचा क्रम) कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे सगळी यादी न मांडता काढण्याची रीतही त्यात दिलेली आहे. हे सारे मुलीला जरूर शिकवावे; त्यासाठी तिला विज्ञान शाखेत घालण्याची मात्र गरज नाही, कारण शिकवण्यांच्या धबडग्यात रियाजाला वेळच उरत नाही.

उत्तर (ध्वनिमुद्रक, नांदेड)
एक अपवाद नोंदवतो. पुढे ध्वनिमुद्रणाकडे वळण्याची थोडीही शक्यता असेल, तर गणिताबरोबर भौतिकशास्त्रही ठेवावे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या ध्वनिमुद्रणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट अनेक वर्षे राहिलेली आहे. शिवाय डेसिबल हे ध्वनिपातळीचे एकक समजून घ्यायचे तर लॉगॅरिदम यावे लागते, आणि हार्मोनियमचे सूर तंबोऱ्याशी नेमके का जुळत नाहीत, याचे उत्तरही सप्तकाचे बारा समान भाग पाडताना येणाऱ्या दोनच्या बाराव्या मुळात दडलेले आहे.

पालक, परभणी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला ध्वनिमुद्रणात रस नाही, मात्र कॅलिफोर्नियाचे नाव तिच्या यादीत आहे. अशा वेळी कला शाखेत राहून गणित घेता येते का?

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर
येते. राज्य मंडळाचा ‘गणित आणि संख्याशास्त्र’ हा विषय कला शाखेलाही उपलब्ध आहे. मात्र प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवला जातोच असे नाही, त्यामुळे प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयात समक्ष जाऊन चौकशी करावी.