पिटकेर्न बेटांचा नकाशा कसा बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटांवर अर्धं पान लिहितोय. मजकूर झाला, नकाशावर अडलोय.

बेटं चार : पिटकेर्न, हेंडरसन, ड्यूसी आणि ओएनो. वस्ती फक्त पिटकेर्नवर, तीही साधारण पन्नास माणसांची. (आमच्या चाळीत याहून जास्त आहेत!) ड्यूसी तिथून पूर्वेला जवळजवळ ५३५ किमी. सगळी एका पट्टीत दाखवली तर साडेचार चौ. किमीचं पिटकेर्न टिंबाएवढंही उरत नाही. वेगळी चौकट करून मोठं दाखवावं का?

दुसरी अडचण जास्त गमतीची. १७६७ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या कार्टरेटच्या जहाजावरून हे बेट दिसलं, पण नकाशावर त्याचं रेखांश सुमारे तीन अंशांनी चुकलं. ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर कप्तानाविरुद्ध बंड केलेल्या खलाशांना ही चूक पथ्यावर पडली. १७९० मध्ये त्यांचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन आणि साथीदार ताहितीच्या स्त्री-पुरुषांसह तिथे उतरले, जहाज जाळलं आणि १८०८ पर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता.

हे तीन अंश किमीमध्ये सांगायचेत. बेट २५ दक्षिण अक्षांशावर, म्हणून १११ गुणिले ३ गुणिले कोसाइन २५, म्हणजे अंदाजे ३०० किमी. बरोबर ना? भूगोलवाल्यांनी कृपया तपासा, रविवारी छपाईला द्यायचंय.

आणि समुद्रातून वर उचलल्या गेलेल्या हेंडरसनसारख्या प्रवाळबेटाला मराठीत सुटसुटीत शब्द सुचवाल का?