दगडी सभामंडपात दिवाळी पहाट: आवाज घुमतो, काय करावे?

ओसरी
गावच्या मंदिरात दिवाळी पहाट ठरते आहे. सभामंडप १८ मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच. भिंती, फरशी, छत सगळे दगडी. गाभाऱ्यासमोरच्या रुंदीच्या बाजूला कमानी आहेत, त्यांची मोकळी जागा सुमारे ३६ चौरस मीटर. श्रोते दीडशेच्या आसपास. पहाटे साडेपाचला सुरुवात, आधी ख्याल, मग अभंग. साथीला तबला, पखवाज, पेटी, बासरी. साउंडवाले दोन मोठे टॉप (मुख्य स्पीकर) आणि दोन बास (फक्त खर्जाचे स्पीकर) लावू म्हणतात. एवढे लागते का? आणि घुमणे कमी कसे करायचे?

नादखुळा
बास आजच रद्द करा.

आता हिशेब. घुमण्याचा काळ (आवाज विरायला लागणारे सेकंद) = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण (चौरस मीटरमध्ये). तुमचे घनफळ १०८० घनमीटर. दगड जेमतेम ३ टक्के आवाज शोषतो, म्हणजे सगळ्या पृष्ठभागाचे मिळून २१. कमानीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते ३६ पूर्ण धरायचे. बेरीज ५७, घुमणे ३ सेकंद. माणूस मांडी घालून बसला की साधारण ०.४ धरा. दीडशे जणांचे ६० झाले, आणि घुमणे दीड सेकंदावर आले. ख्यालाला दीड सेकंद चालतो.

गोम अशी की हा हिशेब मधल्या पट्टीचा आहे. डग्ग्याच्या खर्जात माणसे निम्मेसुद्धा शोषत नाहीत, तिथे सव्वादोन सेकंद उरतातच. त्यात बास लावला की डग्ग्याची मींड (घसरत जाणारा सूर) म्हणजे नुसती घरघर. सतरंजीवर भरवसा ठेवू नका. ती वरचे सूर खाते, खर्ज जसाच्या तसा राहतो आणि आवाज उलट जास्त बोजड वाटतो.

घोंगड्या किंवा जाड रजया गोळा करा. भिंतीला चिकटवून नाही, १०–१५ सेंटीमीटर सोडून दोरीवर टांगा. मागे हवेची पोकळी असली तर त्या जरा खालच्या सुरांपर्यंत काम करतात. कलाकारांसमोरच्या भिंतीवर आधी, कारण तिथून परतलेला आवाज थेट माइकमध्ये शिरतो.

बैठक कुठे, हे त्याहून महत्त्वाचे. गाभाऱ्याच्या दारात नको: देवाकडे पाठ होते, शिवाय ती छोटी दगडी खोली खर्जाला साद देत बसते. लांब भिंतीच्या मध्यावर मांडा. श्रोते अर्धवर्तुळात बसवले की बहुतेक जण ९–१० मीटरच्या आत येतात.

टॉपऐवजी ८ इंची चार लहान स्पीकर घ्या. दोन बैठकीच्या बाजूंना, दोन ६ मीटर पुढे. सगळे बसलेल्या माणसांच्या डोक्यांकडे किंचित झुकवलेले, छताकडे अजिबात नाहीत. पुढच्या जोडीला २७ मिलिसेकंद डिले, म्हणजे तिचा आवाज तेवढा उशिरा सोडायचा: ६ मीटर यायला आवाजाला लागणारे १७ आणि वर १०, म्हणजे आवाज गायकाकडूनच येतोय असे कानाला वाटते. गळ्याच्या माइकला १०० हर्ट्‌झखाली कट. डग्ग्याला वेगळा माइक देऊच नका, आणि तानपुऱ्यांनाही नको. असा मंडप तानपुरा आपणहून भरून टाकतो.

साउंड चेक रिकाम्या मंडपात होणार, तेव्हा ३ सेकंदच ऐकू येतील. ते ऐकून सगळे बदलत सुटू नका. माणसे भरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा बघा.

षड्जपंचम
वरचे सगळे मान्य, पण पहाटेचे थोडे. थंडीत बासरी उतरते, दर अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). खोलीत २६ अंशाला जुळलेली बासरी १६ अंशाला जवळजवळ ३० सेंट खाली, म्हणजे अर्ध्या सुराचा एक तृतीयांश. पेटी मात्र जागची फारशी हलत नाही. तानपुरे पेटीला लावा. बासरी वाजवण्याआधी छिद्रे झाकून पाच-दहा मिनिटे फुंकून गरम करायची, आणि तिचा भाग ऊन आल्यावर ठेवायचा.

दवाने तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडते आणि सूर उतरतो. मग गट्टे (वादी ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकत राहावे लागते, आणि मंडप तापला की तोच तबला चढतो. एकाच पट्टीचे दोन तबले जुळवून ठेवा. हॅलोजन दीड-दोन मीटरच्या आत नको, पुडी एका अंगाने सुकते आणि चाटेवर (पुडीच्या काठावर) घरागणिक, म्हणजे जागोजागी, वेगळा सूर बोलतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाऱ्याने वाळते, ओले फडके जवळ ठेवा.

ओसरी
उपयोगी आहे सगळे. द्रुत ख्याल टाळायला सांगू का गायिकेला?

नादखुळा
टाळू नका, लय आवरा. मिनिटाला २४० मात्रांच्या तीनतालात दुगुणीची (मात्रेला दोन स्वरांची) तान म्हणजे सेकंदाला ८ स्वर, एकेक १२५ मिलिसेकंदांचा. दीड सेकंद घुमणाऱ्या जागेत मागचे बरेच स्वर पुढच्यावर चढतात. मध्य लयीत आकाराच्या (नुसत्या ‘आ’च्या) तानेपेक्षा बोलतान (बंदिशीच्या शब्दांची तान) स्वच्छ पोचते, व्यंजनांमुळे कान तुकडे पाडू शकतो. अभंगाला टाळ एकच जोड पुरे. चार जोड्या झाल्या की शब्द गेले.

रात्रपाळी
साडेपाचचे कोणी बोलतच नाही! ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकते, पण ती रात्री १० ते १२ची, पहाटेची नाही. बंदिस्त सभागृहाला नियम वेगळा आहे, मात्र कमानी उघड्या असलेला मंडप बंदिस्त धरला जाईल या भरवशावर राहू नका. परवाना अर्जात वेळ सहाचीच लिहा. शाळा, रुग्णालय किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत असाल तर शांतता क्षेत्राचेही आधी विचारा.

षड्जपंचम
मग साडेपाच ते सहा माइकशिवाय करा ना. दोन तानपुरे आणि राग ललत. ऑक्टोबरअखेर सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, वेळ अगदी रागाची आहे. अंधारात रस्ताही शांत असतो. फटाके सुरू व्हायच्या आत आलाप होऊन जातो. सहाला ध्वनिक्षेपक सुरू, तेव्हा भैरव किंवा रामकली, आणि तबला तिथून जोरात. फक्त त्या अर्ध्या तासात श्रोत्यांना ६–७ मीटरच्या आत दाटीने बसवा. सहानंतर मागचे लोक येतील तसे पसरू द्या.

नादखुळा
हे उत्तम. मात्र जनरेटर असेल तर त्या अर्ध्या तासात बंद हवा, समया आणि बॅटरीचे दिवे पुरतात. आणि घंटेच्या लोळ्याला फडके बांधायला पुजाऱ्यांना आदल्या रात्रीच सांगा. दर्शनाला येणारा प्रत्येक जण ती वाजवतोच.